लॅपटॉपचा पीटीओ किती?

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन वाजला की मी स्क्रीन न बघताच सांगतो, शाहूवाडीहून बारक्या. बारक्या म्हणजे माझा चुलतभाऊ. वय एकोणीस, बीसीएचं दुसरं वर्ष, उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, तरी अख्ख्या भावकीत नाव बारक्याच. हॅलो वगैरे भानगड नाही. डायरेक्ट प्रश्न.

"दादा, गेमिंग लॅपटॉप कुठल्या कंपनीचा घेऊ? सांग की पटकन. आबा हो म्हणाल्यात."

आबा हो म्हणालेत? मी उठूनच बसलो. आबा म्हणजे माझे काका. दोन वर्षांपूर्वी मोबाईलचं कव्हर घ्यायला त्यांनी तीन दुकानं हिंडवली होती. ते गेमिंग लॅपटॉपला हो म्हणाले?

मागून काकींचा आवाज आला, "त्याला म्हणावं, गोठ्याचं पत्रं राहिल्यात!" मग सगळा उलगडा झाला. उसाचं बिल जमा झालं होतं. त्यातले ऐंशी हजार बाजूला काढले होते, आणि त्या ऐंशी हजारांवर घरात दोन हक्कदार होते. एक बारक्या आणि दुसरा गोठा. शाहूवाडीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना गोठ्याच्या पत्र्याची किंमत वेगळी सांगायला नको. आंब्याच्या बाजूला तर जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलंच असतं.

तुमच्यापैकी जे आपापल्या खानदानातले 'कॉम्प्युटरवाले' आहेत त्यांना हे टेन्शन कळेल. आयटीत नोकरी लागली की तुम्ही आपोआप प्रिंटर दुरुस्त करणारे, मोबाईल सुचवणारे आणि वायफायचे पासवर्ड विसरणाऱ्यांचे तारणहार होता. एरवी मी एक नाव ठोकून दिलं असतं आणि झोपलो असतो. पण इथे माझ्या एका शब्दावर एका घराचं वर्षभराचं गणित हलणार होतं. म्हटलं, थांब जरा. उद्या येतोच गावाला.

शनिवारी पहाटेची बस पकडली. कोल्हापूर स्टँडवर चहा, मग मलकापूरची एसटी. खिडकीतून ऊस, मग भातखाचरं, मग डोंगर. आणि डोक्यात एकच घोळ, कंपनी कुठली?

खरं सांगू? मलाही पूर्वी वाटायचं की लॅपटॉपला घराणं असतं. आमच्या कॉलेजच्या काळात, म्हणजे २००४-०५ च्या आसपास, ज्याच्याकडे सोनी वायो तो हीरो. आयबीएमचं काळं थिंकपॅड बाळगणारा म्हणजे मोठा साहेब. कॉम्पॅक, तोशिबा आणि आपल्या देशी एचसीएल, झेनिथ यांच्यावर कॅन्टीनमध्ये तासन् तास वाद. आता त्या घराण्यांचं काय झालं बघा. कॉम्पॅक २००२ मध्येच एचपीच्या घरात गेली होती. आयबीएमचा पीसीचा धंदा २००५ मध्ये लेनोवोनं घेतला. सोनीनं २०१४ मध्ये वायोचा धंदा विकून टाकला. तोशिबानं २०१८ मध्ये आपला पीसीचा धंदा शार्पच्या हवाली केला. ज्या नावांसाठी आम्ही मित्रांशी अबोला धरला, त्यातली निम्मी नावं दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढली.

बरं, झाकणावर नाव एकाचं असलं तरी यंत्र बऱ्याचदा तिसराच बनवतो. क्वांटा आणि कॉम्पाल या तैवानी कंपन्या तुम्ही कधी दुकानात पाहिल्यात का? नाही ना? पण जगातले ढीगभर लॅपटॉप त्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडतात, एकमेकांशी भांडणाऱ्या ब्रँड्सची नावं मिरवत. एकाच चक्कीतलं पीठ, पिशव्या वेगळ्या. अगदी तस्संच नाही म्हणा, कारण डिझाइन, पंखे, स्क्रीन, किती पैसे वाचवायचे हे ज्याचा त्याचा ब्रँड ठरवतो. पण 'अमुक कंपनी म्हणजे सॉलिडच' हा फंडा इथेच गळून पडतो.

उलट एकाच कंपनीच्या आत दोन दुनिया असतात. असुसची टफ वेगळी आणि आरओजी वेगळी. एसरची नायट्रो वेगळी, प्रिडेटर वेगळी. एचपीनं २०२१ मध्ये व्हिक्टस काढली, ती ओमेनपेक्षा स्वस्तातली. लेनोवोनं २०२३ मध्ये एलओक्यू आणली, ती लिजनची धाकटी बहीण. ऐंशी हजारांच्या आगेमागे तुम्ही असता ते या धाकट्या भावंडांच्या अंगणात. आणि तिथे एका ब्रँडचं चांगलं मॉडेल दुसऱ्याच्या फालतू मॉडेलपेक्षा भारी असतं, बस्स. म्हणून 'कुठली कंपनी' विचारणं म्हणजे 'कुठल्या गावची मुलगी करू' असं विचारण्यासारखं आहे. गाव ठीक आहे हो, मुलगी कोण ते सांगा!

घरी पोचलो तर सोप्यात पंचायत भरलेली. बारक्यानं वहीत अकरा मॉडेल लिहून ठेवलेली. आबा आरामखुर्चीत. काकी तांदूळ निवडत, पण कान इकडेच.

"ह्ये सगळं एकच दिसतंय की रं," आबा वही बघत म्हणाले. "आरटीएक्स चार हजार साठ, आरटीएक्स चार हजार साठ... मग एक ऐंशीला आन् दुसरं लाखाला का?"

बारक्या म्हणाला, "ब्रँड व्हॅल्यू, आबा."

इथे मला बोलायलाच लागलं. कारण आबांनी नकळत नेमकं दुखणं पकडलं होतं. ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच असतं, पण त्याला वीज किती द्यायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही मिळू शकतं. पातळ, नाजूक, फॅशनेबल लॅपटॉपमध्ये पंख्याला जागा नाही, मग वॉट कमी. जाडजूड असेल तर वॉट जास्त. नाव तेच, स्टिकर तेच, पण गेममध्ये एक पळतो आणि दुसरा धापा टाकतो. पूर्वी अशा कमी ताकदीच्या कार्डाला 'मॅक्स-क्यू' असं वेगळं लेबल तरी लावायचे. २०२१ पासून तेही सक्तीचं राहिलं नाही. आता आकडा आपणच शोधायचा.

हे सगळं मी इंग्रजी-मराठीची मिसळ करून सांगत होतो आणि बारक्या मान डोलवत होता, म्हणजे त्याला काही कळत नव्हतं. आबा मात्र पुढे सरकले.

"म्हंजे इंजिन एचपी आणि पीटीओ एचपी."

मी बघतच राहिलो. ज्यांनी शेती फक्त ट्रेकला जाताना पाहिलीय त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पंचेचाळीस एचपी लिहिलेलं असतं ते इंजिनाचं. पण रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या पीटीओच्या दांड्यावर, आणि तिथे पोचणारी ताकद त्याहून कमी असते. शोरूमवाला पहिला आकडा ओरडून सांगतो. जाणकार शेतकरी दुसरा विचारतो. आबांनी आयुष्यात कधी संगणकाचा गेम पाहिला नव्हता, पण गेमिंग लॅपटॉप घेण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांना दोन मिनिटांत कळली होती. बारक्याला तीन महिने व्हिडिओ बघून कळली नव्हती.

"मग बारक्या," आबा म्हणाले, "ह्या अकराचं पीटीओ लिहून काढ."

बारक्या कामाला लागला. कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनच्या तळाशी 'टीजीपी' किंवा 'मॅक्स ग्राफिक्स पॉवर' असा आकडा असतो. दुकानात उभे असाल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडायला सांगा, तिथेही दिसतो. कुठेच लिहिला नसेल तर लपवण्यासारखं काहीतरी आहे असं खुशाल समजा. अकरातली चार मॉडेल तिथेच बाद झाली. त्यात बारक्याचं सगळ्यात लाडकं, लाल दिव्यांचं मॉडेलसुद्धा होतं. पोरगं पाच मिनिटं गप्प होतं बिचारं.

आणखी एक मॉडेल गेलं ते खिंडीमुळे. पावनखिंड आमच्याच तालुक्यात, त्यामुळे खिंड म्हणजे काय हे आम्हाला शिकवावं लागत नाही. फौज कितीही मोठी असो, वाट चिंचोळी असेल तर एका वेळी जातील तेवढेच जातील. लॅपटॉपमध्ये ही खिंड रॅमची असते. सोळा जीबी रॅम एकाच पट्टीत दिली की प्रोसेसरला एकच वाट. आठ-आठच्या दोन पट्ट्या असतील तर दोन वाटा, आणि बऱ्याच गेममध्ये फरक जाणवतो. स्वस्त मॉडेलमध्ये एक पट्टी देऊन दुसरी जागा रिकामी सोडतात. ते चालेल, पुढे घालता येते. पण या मॉडेलमध्ये सगळी रॅम बोर्डावरच चिकटवलेली, पुढे वाढवायची सोयच नाही. त्याला काट. आणि दुसरी पट्टी 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांसाठी, २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव असे काही चढले की अनेकांचं 'नंतर' राहूनच गेलं.

आता काकींची पाळी. "गेम गेम लावलंय. पण घरच्या कामाचं काय?"

प्रश्न रास्त होता. लॅपटॉप एक आणि माणसं चार. बारक्याला कॉलेजचे प्रोजेक्ट. शिवाय तो ब्लेंडर शिकतोय, म्हणजे थ्रीडी चित्रं, फुकटचं सॉफ्टवेअर, आणि त्याला ग्राफिक्स कार्ड खरोखर कामी येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला, तो खेळल्यापासून पोराच्या डोक्यात 'आपल्याकडंबी गेम बनत्यात की' हे बसलंय. काकींना बचत गटाचा हिशेब. आबांना ऑनलाइन सातबारा आणि कारखान्याचे आकडे. ताई बाळंतपणाला येणार, तिला व्हिडिओ कॉल.

मग गेमिंग लॅपटॉपची दुसरी बाजू सांगणं भाग होतं. एक तर वजन. सव्वादोन-अडीच किलोचा ऐवज, वर विटेसारखा चार्जर. कॉलेजला रोज नेणार असशील तर खांदा सांग आधी. दुसरं बॅटरी. साधा हिशेब करा. बॅटरी ६० वॉट-तासांची, आणि गेम खेळताना लॅपटॉपनं १२० वॉट ओढले, तर अर्धा तास. बस्स! म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच ताकद कमी करतो. हिशेब, सातबारा, सिनेमा यांच्यासाठी बॅटरी चार-पाच तास पुरू शकते, पण तेही ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असेल तर. तिसरी गोष्ट स्क्रीन. १४४ हर्ट्झचा गाजावाजा सगळे करतात, पण उजेड किती ते कुणी सांगत नाही. अडीचशे निट्सची फिकी स्क्रीन सोप्यात बसून दुपारी बघायची म्हणजे काजळलेल्या आरशात तोंड बघणं. तीनशेच्या वर बघा. रंगांसाठी 'शंभर टक्के एसआरजीबी' असा शब्द शोधा. ताईच्या बाळाचा चेहरा पिवळा दिसायला नको.

या सगळ्यात शहरातल्या कुठल्याही बाइंग गाइडमध्ये न सापडणारी एक गोष्ट मला बारक्याच्या मित्राकडे गेल्यावर आठवली. त्याच्या मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि बोटांना मुंग्या आल्या. "ते असंच करतंय," मित्र म्हणाला. असंच नाही करत बाबा! तीन पिनांतली मोठी पिन जमिनीला जोडलेली नसली की चार्जरमधून झिरपणारा बारीकसा करंट धातूच्या अंगावर जाणवतो. जुन्या घरात सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे कधी कधी वायरच नसते. लॅपटॉपच्या आधी वायरमनला बोलवा. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. खर्च तो किती, पण लाखाच्या वस्तूचा आणि तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

विजेचंही तेच. जोराचा पाऊस आला की लाईट जाणार, हे गृहीत धरायचं. घरात इन्व्हर्टर होता. लेबल वाचलं तर स्क्वेअर वेव्ह. बल्ब-पंख्याला ठीक, पण दोनशे वॉटच्या चार्जरला मी साइन वेव्हवालाच सुचवीन. तो बदलेपर्यंत करार असा ठरला, लाईट गेली की गेम बंद. बारक्यानं हा करार 'तत्त्वतः' मान्य केला.

राहता राहिली सात... नाही, सहा मॉडेल. तीन बजेटबाहेर. उरली तीन, तीन वेगवेगळ्या ब्रँडची. सगळी उन्नीस-बीस. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "आता कुठलाही घे. डोळे झाकून."

"थांब," आबा म्हणाले. "बिघडला तर मानूस कुठनं येनार?"

आणि मला माझाच जुलै २०२१ आठवला. वर्क फ्रॉम होम म्हणून मी इथेच, या घरात होतो. लॅपटॉप माझा स्वतःचा, महागडा, ऑनलाइन सेलमध्ये हौसेनं घेतलेला. कंपनीचं नाव राहू द्या. ऐन महापुराच्या आठवड्यात तो मेला. पॉवरचं बटण दाबलं की एकदा डोळा मिचकावायचा, मग अंधार. वॉरंटी होती, 'ऑनसाइट' होती, कस्टमर केअरची मुलगी गोड बोलत होती. पिनकोड सांगितल्यावर म्हणाली, "सर, तुमच्या लोकेशनला ऑनसाइट अव्हेलेबल नाहीये. सर्व्हिस सेंटरला आणाल का?" कोल्हापूर तसं पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. पण त्या आठवड्यात पंचगंगेनं रस्ते गिळले होते. पाणी उतरल्यावर गोणपाटात गुंडाळल्यासारखा तो लॅपटॉप घेऊन एसटीनं गेलो. मग कळलं, पार्ट बाहेरून मागवायचा. तीन आठवडे मी बारक्याच्या मोबाईलवरून ऑफिसच्या मीटिंगा केल्या. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव अप्रेझल ज्यात माझ्या मागे म्हैस दिसत होती.

हे सगळं स्वतः भोगून मी तो प्रश्न विसरलो होतो. आबांनी मात्र ट्रॅक्टर घेताना तोच प्रश्न पहिला विचारला होता. त्यांना हवा होता दुसराच ब्रँड, घेतला तो, ज्याचा मिस्त्री बांबवड्यात राहतो. पेरणीच्या आठवड्यात बंद पडलेला ट्रॅक्टर म्हणजे नुसतं लोखंड, असं ते म्हणतात. परीक्षेच्या आठवड्यात बंद पडलेला लॅपटॉप वेगळा असतो का?

सोमवारी मी रजा टाकली आणि बारक्याला फोनवर बसवलं. तिन्ही कंपन्यांना तेच तीन प्रश्न. आमच्या पिनकोडला माणूस घरी येतो का? येत नसेल तर जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठलं, आणि ते गेमिंगचे मॉडेल तिथेच उघडतात की पुढे पाठवतात? वॉरंटी वाढवायची तर किती, आणि त्यात अपघाती नुकसान धरतात का? मग कोल्हापुरातल्या सर्व्हिस सेंटरांना थेट फोन, कारण कस्टमर केअर काय सांगतं आणि काउंटरवरचा पोरगा काय सांगतो यात बराच फरक असू शकतो. एका कंपनीचा पत्ता निघाला तो दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या दुकानाचा. दुसरीचं उत्तर, "गेमिंगचं असलं तर आम्ही पुण्याला पाठवतो." तिसरीकडचा माणूस म्हणाला, "आठवड्यातनं एकदा मलकापूरला येतोयच आम्ही. गाव कुठलं तुमचं?"

झालं! बारक्याच्या अकरांच्या यादीत हा ब्रँड नवव्या नंबरवर होता. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या पिनकोडला यातलंच दुसरं कुणी 'गाव कुठलं' विचारेल. बाणेरला किंवा ठाण्याला राहत असाल तर कदाचित तिन्ही विचारतील, मग खुशाल पीटीओ बघून घ्या.

खरेदी कोल्हापुरात दुकानातूनच केली. ऑनलाइनपेक्षा किंचित महाग पडला, पण पेटी समोर उघडून घेतली, कंट्रोल पॅनल उघडून वॉट बघितले, ते आबांनी स्वतः वाचले. दुकानदार जरा चपापला. धोतर-टोपीतला गिऱ्हाईक "मॅक्स ग्राफिक्स पॉवर दाखवा" म्हणतोय हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. बिल झालं ७६ हजारांच्या आत. उरलेल्यात अर्थिंग आणि गोठ्याचे चार पत्रे. बाकीचे पत्रे पुढच्या बिलावर. काकी अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

बारक्या आणि मी आता शनिवारी रात्री एकत्र खेळतो. त्याचे तीन दोस्त पुण्यात, एक बंगळुरूला, मी बाणेरला, आणि तो सोप्यातल्या खाटेवर. गेम कमी, गप्पा जास्त. कोण कुणाशी भांडलं, ऊस कधी तुटला, कॉलेजात काय झालं. एरवी "बरं हाय" यापलीकडे न जाणारं पोरगं हेडफोन लावला की घडाघडा बोलतं.

फक्त आम्हाला दहाच्या आधी सुरू करता येत नाही. संध्याकाळी सातपासून लॅपटॉप आबांच्या ताब्यात असतो. सातबारा बघून झाला की ते पत्त्यांचा सॉलिटेअर उघडतात, आणि डाव सुटेपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत.